काट्यावर ती एकटी, वजन घराचं

गरोदर बाईला आपल्या घरांत दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला मोठ्या आवाजातला, 'दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.' दुसरा जरा दबक्या आवाजातला, 'बेताने खा गं, बाळ मोठं झालं की सुटका अवघड जाते.' कधी कधी तर एकाच घरात, एकाच आठवड्यात दोन्ही. मग ती तपासणीला जाते, काट्यावर उभी राहते, कार्डावर एक आकडा लिहिला जातो आणि 'वजन भरत नाहीये, खात जा' किंवा 'फार वाढलंय, गोड बंद करा' एवढं ऐकून ती परत येते. घरात शेवटी कोण जेवतं, हंडा कोण उचलतं, रात्री झोप लागते का, मनात कसली धास्ती आहे, हे सगळं त्या एका आकड्यात उतरलेलं असतं. ते मात्र सहसा कुणी विचारत नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. नऊ महिन्यांत साधारण बारा किलो वजन वाढलं, तर ती सगळी चरबी नसते. बाळ तीन किलोच्या आसपास. वार साडेसहाशे-सातशे ग्रॅम, गर्भजल पाऊण ते एक किलो, वाढलेली गर्भपिशवी किलोभर, स्तनांची वाढ अर्धा किलो. आईचं रक्त सव्वा ते दीड किलोने वाढतं, शरीरातलं इतर पाणी दीडेक किलोने. उरते ती तीन-साडेतीन किलो चरबी, आणि ती शरीराने पुढे दूध पाजण्यासाठी केलेली तरतूद असते. पहिल्या तीन महिन्यांत वजन फार तर किलो-दोन किलो वाढतं. उलट्या जास्त असतील तर कमीही होतं आणि त्याने लगेच घाबरून जायचं कारण नसतं. खरी वाढ चौथ्या महिन्यापासून, आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास.

पण बारा किलो हा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. सुरुवात कुठून झाली, यावर तो ठरतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवलेली कोष्टकं जगभर वापरली जातात. बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, १८.५ पेक्षा कमी असेल तर १२.५ ते १८ किलो वाढ अपेक्षित. नेहमीच्या वजनाच्या बाईला ११.५ ते १६. वजन जास्त असेल तर ७ ते ११.५ आणि लठ्ठपणा असेल तर ५ ते ९. आपल्याकडे डॉक्टर आणि आशाताई ढोबळमानाने १० ते १२ किलो सांगतात, कारण आपली अंगकाठी लहान. शिवाय आपल्या शरीरात त्याच वजनाला चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढलेली आहे. पाच फूट एक इंच उंचीची, ५८ किलोची मुलगी अमेरिकी कोष्टकात नेहमीच्या गटात बसते आणि भारतीय कोष्टकात जास्त वजनाच्या. त्यामुळे इंटरनेटवरचा तक्ता बघून स्वतःचं लक्ष्य ठरवू नये.

आणि 'दोघांचं खाणं' म्हणजे किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने गरोदर बाईला रोज साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि एक कप दूध. बस्स. दुसरं ताट नव्हे.

दुसऱ्या, दबक्या आवाजातल्या सल्ल्याला मात्र इतिहास आहे, आणि तो फक्त आपल्या आज्यांचा नाही. १८८९ साली प्रोखोवनिक नावाच्या जर्मन डॉक्टरांनी अरुंद कटीच्या स्त्रियांना शेवटच्या महिन्यांत पाणी आणि पिष्टमय पदार्थ तोडणारा आहार सुचवला होता. बाळ लहान राहावं, सुटका सोपी व्हावी, हाच हेतू. सिझेरियन तेव्हा जिवावरचं होतं, हे लक्षात घेतलं तर त्यात क्रूरपणा नव्हता. पण ती सवय टिकली. विसाव्या शतकात कितीतरी दशकं अमेरिकी डॉक्टर गरोदर बायकांना सात-आठ किलोच्या वर वजन वाढू देत नसत. १९७० मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने या काटकसरीने बाळांचं नुकसान होतं असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा वारं फिरलं. आपल्या काकू-मावश्यांपर्यंत ते अजून पोहोचायचं आहे.

आता महाराष्ट्राकडे बघू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात साधारण पाचातली एक स्त्री अंगाने बारीक, म्हणजे बीएमआय १८.५ च्या खाली. आणि त्याहून थोड्या जास्तच स्त्रिया जाड. एकाच जिल्ह्यात, कधी एकाच गल्लीत दोन्ही. म्हणून 'गरोदरपणात वजन वाढवा' किंवा 'आवरा' असा सरसकट फलक लावण्यात अर्थ नाही.

बारीक बाजूची गोष्ट स्वयंपाकघरात सुरू होते. एक साधी रात्र घ्या. सहा-सात माणसांचं घर. पातेल्यात आमटी, कढईत मेथीची भाजी, टोपलीत भाकरी. आधी सासरे आणि मुलं, मग नवरा आणि दीर, मग सासूबाई. सातव्या महिन्यातली सून तव्यापाशी, कारण गरम भाकरी सगळ्यांनाच हवी. तिची पाळी येते तेव्हा टोपलीत दोन भाकरी आहेत, आमटी तळाला गेलेली, आणि मेथी संपलेली. ती शेंगदाण्याची चटणी आणि तेल घेऊन जेवते. तिला उपाशी कुणी ठेवलेलं नाही. तिचं पोटही भरलं. फक्त मेथी तिच्यापर्यंत आली नाही.

आणि नेमकी ती मेथीच मोलाची असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू केला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं आहे. या गावांतल्या आया सरासरी पाच फुटांच्या, ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं तेव्हा साडेतीन किलोची भरत होती. अपेक्षा अशी होती की ज्या आया जास्त कॅलरी किंवा जास्त प्रथिनं खातात त्यांची बाळं मोठी निघतील. तसा थेट संबंध दिसलाच नाही. संबंध दिसला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा पोटात जातं याच्याशी. म्हणजे भाकरी वाढवून प्रश्न सुटत नाही. ताटात शेवटी जे उरत नाही, तेच हवं असतं.

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट जगापुढे ठेवली. पुण्याची ही बाळं हातापायांनी किरकोळ होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखलेली होती. वरून बारीक, आतून चरबीदार. पुढे मधुमेह लवकर गाठण्यामागे ही ठेवण असावी, असा याज्ञिकांचा मुद्दा आहे. आईचं अपुरं पोषण म्हणजे फक्त 'छोटं बाळ' एवढ्यावर भागत नाही ते असं.

कामाचं ओझं हा याच गोष्टीचा पुढचा भाग. याच गावांत शेतकाम, पाणी भरणं, ओझी वाहणं किती होतं ते मोजलं गेलं आणि जिथे कष्ट जास्त तिथे बाळाचं वजन कमी, असं आढळलं. गरोदरपणात काम करू नये असा याचा अर्थ नाही. पण दोन हंडे घेऊन विहिरीचा चढ चढणं आणि संध्याकाळी चपला घालून फिरायला जाणं या दोन्हींना एकाच 'हालचाल चांगली असते' या वाक्यात बसवणारे सल्ले मला कायम शहरी वाटत आले आहेत. बीडकडून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड जोडप्याचं बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे पाच-सहा महिने पाल टाकून राहायचं, पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. उचल आधीच घेतलेली, एक खाडा झाला की पैसे कापले जाणार. सहाव्या-सातव्या महिन्यातली बाई तिथे मोळी बांधत असते आणि तिचं तपासणीचं कार्ड गावाकडच्या अंगणवाडीत राहिलेलं असतं. तिला 'आहारात फळांचा समावेश करा' असं सांगणं ही थट्टा आहे. तिथे उपाय आहार नाही, हंगामात तिला मिळणारी रजा आणि जागेवर पोहोचणारी आरोग्यसेविका हा आहे.

घरातल्या दर्जाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. डायन कॉफी या संशोधिकेने २०१५ मध्ये दाखवून दिलं की भारतात गरोदरपण सुरू होतानाच ४२ टक्के स्त्रिया वजनाने कमी असतात आणि पूर्ण काळात सरासरी सातच किलो वाढतात. आकडेवारी २००५-०६ ची आहे, त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. पण तिने, रितिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांनी मिळून केलेला आणखी एक अभ्यास विसरण्यासारखा नाही. ग्रामीण एकत्र कुटुंबांत थोरल्या आणि धाकट्या जावांच्या मुलांची उंची त्यांनी ताडून पाहिली. धाकट्या सुनेची मुलं सरासरीने बुटकी निघाली. घर तेच, शेत तेच, चूलही तीच. फरक फक्त घरातल्या मानाचा. ज्या सुनेला 'मला अजून एक अंडं हवं' म्हणायची सोय नाही, तिला पोषणाची माहिती देऊन काय होणार? माहिती सासूला आणि नवऱ्याला द्यायला हवी.

आता त्याच गल्लीतलं दुसरं टोक. पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅटमध्ये राहणारी, लॅपटॉपसमोर नऊ तास बसणारी मुलगी. वजन आधीच थोडं जास्त. बातमी कळताच दोन्हीकडच्या आया तिच्या दिमतीला. सकाळी केशर घातलेलं दूध, त्यात दोन चमचे शतावरी कल्प. या कल्पात बहुतांशी साखरच असते, पण औषध म्हणून घेतलेली साखर कुणी मोजत नाही. दहाला सुकामेव्याचा लाडू. मध्यम आकाराचा एक लाडू दीड-दोनशे कॅलरी सहज देतो. मग फळांचा रस, दुपारी वरणभातावर तूप, चारला चहा-बिस्किटं, रात्री उशिरा जेवण आणि 'डोहाळे आहेत' म्हणून मागवलेलं काहीतरी. वाढीव साडेतीनशेचा कोटा सकाळी दहालाच संपलेला असतो. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. आपल्याकडे प्रेम ताटातच वाढायची रीत आहे, आणि नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणणं.

यात 'जपून' नावाची एक गोष्ट भर घालते. आधी गर्भपात झालेला असेल किंवा उपचारांनंतर दिवस राहिलेले असतील, तर घरचे तिला पलंगावरून उतरू देत नाहीत. डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी विश्रांती सांगितली तर ती घ्यायलाच हवी. रक्तस्राव, वार खाली असणं अशी कारणं असतात. पण नुसतं पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला आधार नाही. उलट गरोदरपणाच्या मध्यानंतर वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा परिणाम कमी करत नेतात, स्नायू वापरले नाहीत तर रक्तातली साखर आणखी चढते. त्रास नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० पासूनचं सांगणं आहे. चालता चालता बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाहीये, इतपत वेग पुरे. गर्भारपणातल्या मधुमेहाची तपासणी आपल्याकडे सोपी आहे: उपाशीपोटी असो वा जेवून, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं; साखर १४० किंवा त्यावर गेली की मधुमेह. पहिल्याच भेटीत आणि मग सहाव्या-सातव्या महिन्यात ती करून घ्यावी. तब्येत बारीक असली तरीही.

मनाचा भाग मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तो सगळ्यांत जास्त टाळला जातो. ताण आला की कुणाचं खाणं तुटतं, कुणाचं सुटतं. सतत ताणाखाली असलेल्या शरीरात कॉर्टिसोल वाढतं आणि गोड-तळकट खावंसं वाटतं. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन उतरतं. रात्री तीनला जळजळीने उठलेली, मग मोबाइल बघत बसलेली बाई सकाळी बिस्किटाचा पुडा उघडते, त्यात तिच्या इच्छाशक्तीचा दोष काढू नये. दुसरीकडे उदासीने गिळलेली बाई 'खावंसंच वाटत नाही' म्हणते आणि घरचे त्याला मळमळ समजतात. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतरही अन्नावरची वासना उडालेली असेल, झोप तुटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ती मळमळ नव्हे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांपासून बाळंतपणानंतरपर्यंत पाहिलं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या चारातल्या तिघींहून जास्त जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. कारणं काय होती? पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, मारहाण, आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी. पुढच्या अभ्यासात या आयांच्या बाळांचं वजन सहाव्या महिन्यात मागे पडलेलं दिसलं. मुलगा की मुलगी या टांगत्या तलवारीखाली नऊ महिने काढणाऱ्या बाईला घास गोड कसा लागेल, हा प्रश्न आहारतज्ज्ञाचा नाहीच.

भीतीही ताटावर बसते. पपई नको, अंडं उष्ण, तीळ नको, केळ्याने सर्दी, ग्रहणात तर पाणीही नको. कच्च्या पपईतल्या चिकाबद्दल काळजी समजू शकते. पिकलेल्या पपईने काही होत नाही. या याद्या जोडत गेलं तर बारीक बाईच्या ताटातून प्रथिनं आणि फळं तेवढी गायब होतात. डोहाळ्यांचं मात्र वेगळं. चिंच, आवळा, एखादा वडापाव यांनी काही बिघडत नाही, लाड व्हायलाच हवेत. पण माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचे पोपडे खावेसे वाटू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. रक्तात लोह कमी असल्याची ती अनेकदा खूण असते. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

डॉक्टरांनाही दोन शब्द. काट्याकडे बघून बाईला ओरडल्याने वजन कमी होत नाही. काही जणी तपासणीच्या आदल्या रात्री जेवत नाहीत, एवढाच परिणाम होतो. आणि एक धोका त्या ओरडण्यात निसटतो: एकाच आठवड्यात एकदम किलो-दीड किलो वाढ, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे. हे खाण्याचं वजन नसतं, अंगात साठलेल्या पाण्याचं असतं आणि रक्तदाबाशी त्याचं नातं असतं. अशा वेळी गोड बंद करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तसंच सातव्या महिन्यानंतर लागोपाठ दोन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघू नये.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून हे चालू आहे. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर पुढच्या ९ तारखेला तिला एकटीला पाठवू नका. नवऱ्याने सोबत जावं, सासूबाईंनाही न्यावं. कार्डावरचे आधीचे सगळे आकडे डॉक्टरांना दाखवावेत, आणि झोप, काम, जेवणाची वेळ, मन यांबद्दल त्यांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं.